हात खिशात ठेवून हिऱ्यांच्या गावात

मी रफ निवडते. म्हणजे पैलू न पाडलेले हिरे पांढऱ्या कागदावर ओतायचे आणि चिमट्यानं ढकलत ढकलत त्यांची कुळं लावायची: आकार, रंग, डाग, चीर. तेवीस वर्षं झाली. मान कायमची डावीकडे झुकली आहे, आणि समोरच्या बाईच्या कानातल्याकडे टक लावून बघू नये एवढं मला अजून जमत नाही.

आमच्या धंद्यात नामिबियाच्या पुडीला वेगळा मान आहे. या पुडीत कचरा नसतो. दुसरीकडच्या खाणींच्या मालात काळे ठिपके, आतल्या चिरा, अर्धवट तुटके दाणे यांचाच भरणा असतो. नामिबियाच्या किनाऱ्यावरच्या मालात शंभरातले पंच्याण्णव दाणे दागिन्यात बसण्याजोगे. कोणीतरी आधीच निवडून ठेवल्यासारखे. हे 'कोणीतरी' बघून यायचं माझ्या कधीपासून मनात होतं. दादा रिटायर झाला आणि त्यानंच विषय काढला. "गाडी मी चालवतो. पण एक दिवस तुझे दगड, एक दिवस माझी जनावरं. दगड बघून बघून माझा दगड नको करूस." असा करार करून ऑक्टोबरमध्ये आम्ही बारा दिवसांसाठी नामिबियाच्या राजधानीत, विंडहुकला, उतरलो.

सव्वाआठ लाख चौरस किलोमीटरचा देश आणि माणसं तीस लाख. हा आकडा वाचताना काही वाटत नाही. बी-१ रस्त्यानं दक्षिणेला निघाल्यावर वाटतं. समोरून गाडी आली की दादा हात वर करायचा, पलीकडचाही करायचा. दुपारपर्यंत मला त्या हात करण्याची वाट बघायची सवय लागली होती.

पहिला दिवस जनावरांचा ठरला होता, पण दादाची गाडी पक्ष्यांवरच अडली. तारेच्या खांबांवर गवताच्या गंज्या रचून ठेवल्यासारखं काहीतरी दिसायला लागलं. ती सोशिएबल वीव्हर नावाच्या चिमणीएवढ्या पक्ष्यांची घरटी. घरटी कसली, चाळी! एका गंजीत शेकडो पक्षी, खालून प्रत्येकाचं वेगळं दार, आणि पिढ्यान् पिढ्या त्याच चाळीत डागडुजी करत राहायचं. या बाजूला झाडं कमी, म्हणून पक्ष्यांनी खांब धरले. एक खांब तर त्या वजनानं कलला होता. दादा खाली उभा राहून पाऊण तास मान वर करून बघत होता, आणि दगड बघून दगड कोणाचा होणार आहे हे मी मनात नोंदवून ठेवलं.

कीटमान्सहूपजवळ कोकरबूमची झाडं बघितली. खोड सोललेल्या कागदासारखं, वर फांद्यांची छत्री. इथले मूळचे शिकारी सान लोक त्याच्या पोकळ फांद्यांचे बाणांचे भाते करायचे, म्हणून त्याचं नाव भात्याचं झाड. मग बी-४ धरला. हा रस्ता थेट समुद्रावर ल्यूडरिट्झला जाऊन संपतो. वाटेत आउस, आणि आउसच्या पुढे गारुब.

गारुबला रानघोडी आहेत. वाळवंटात घोडी कुठून आली, याची सगळ्यात पटणारी हकिगत पहिल्या महायुद्धाची आहे: १९१५ साली इथे दक्षिण आफ्रिकेच्या फौजेची छावणी होती, त्या धामधुमीत सुटलेली लष्करी घोडी आणि जवळच्या कुबुबच्या पैदास केंद्रातली घोडी मिसळून हा कळप झाला. जगला तो मात्र रेल्वेच्या पाण्यावर. वाफेच्या इंजिनांसाठी इथे विहीर खोदली होती, तिच्या हौदावर घोडी येत राहिली. इंजिनं गेली, हौद राहिला. आम्ही आडोशाच्या छपराखाली बसलो होतो तेव्हा सहा घोडी एका रांगेत आली. बरगड्या मोजता येत होत्या. त्यांचं पिऊन होईपर्यंत दोन ओरिक्स, लांब सरळ शिंगांची मोठी हरणं, बाजूला शिस्तीत उभे. तरसं शिंगरं मारतात म्हणून इथे मोठा वाद झाला आहे: घोडी बाहेरची, तरस इथलं, मग वाचवायचं कोणाला? दादा म्हणाला, "शंभर वर्षं इथलं पाणी प्यायल्यावर बाहेरचं कसलं?" मला तरसाचीही बाजू दिसत होती, पण गप्प बसले. तो दिवस जनावरांचा होता.

गारुब सोडल्यावर वारा आला. आधी रस्त्यावरून वाळूच्या बारीक सापांसारख्या रेघा सळसळत गेल्या, मग पुढची पांढरी पट्टीच दिसेनाशी झाली. गाडीच्या पत्र्यावर पावसासारखा आवाज, फक्त कोरडा. चाळीस किलोमीटर आम्ही दिवे लावून रांगत काढले. ल्यूडरिट्झला उतरून बघतो तर समोरची नंबरपाटी घासून पांढरी झालेली, आणि काच अशी दुधट की दिव्याकडे बघितलं तर चांदणं फुटायचं. विम्यात वाळूचं नुकसान धरत नाहीत हे भाड्याच्या गाडीच्या करारात अकराव्या कलमात, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं. भिंग गळ्यात घालून फिरणाऱ्या बाईनं ते वाचलं नव्हतं. शेवटी ४,८०० नामिबियन डॉलर गेले. दादानं पुढचे आठ दिवस 'अकरावं कलम' हा शब्द जमेल तिथे वापरला.

पण मला त्या वाऱ्यानं माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर दिलं.

हे हिरे मुळात इथले नाहीतच. दक्षिण आफ्रिकेच्या पोटातून कोट्यवधी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या नळ्यांतून ते वर आले, त्या नळ्या झिजल्या, आणि ऑरेंज नदीनं तो माल शेकडो किलोमीटर ओढत अटलांटिकमध्ये नेऊन टाकला. त्या ओढाओढीत चिरा पडलेले, डागी दाणे फुटून पीठ झाले. टणक, निकोप तेवढे उरले. समुद्राच्या लाटांनी आणि प्रवाहानं ते किनाऱ्यानं उत्तरेकडे सरकवले. म्हणून नदीच्या मुखाशी मोठे दाणे आणि जसजसं उत्तरेला जावं तसतसे लहान. पुढे समुद्र मागे हटला आणि उघड्या पडलेल्या किनाऱ्यावर वाऱ्यानं काम हातात घेतलं. हलकी वाळू उडवून न्यायची, जड खडे मागे ठेवायचे. नदीनं डाग काढले, समुद्रानं आकार लावले, वाऱ्यानं पाखडलं. मी पगार घेऊन जे करते तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्मान्सकॉप.

ल्यूडरिट्झपासून दहा किलोमीटर आत, श्पेरगेबीटच्या काठावर हे गाव आहे. श्पेरगेबीट म्हणजे मज्जाव असलेला मुलूख. तेव्हा हा देश जर्मनांची वसाहत होता. १९०८ च्या सप्टेंबरमध्ये जर्मन सरकारनं किनाऱ्यापासून शंभर किलोमीटर आतपर्यंतची पट्टी एका हुकमानं बंद केली आणि पुढची शंभर वर्षं ती जवळजवळ बंदच राहिली. आता तिचं त्साउ ॲखाइब नावाचं राष्ट्रीय उद्यान झालं आहे, पण आत शिरायला अजून परवाना लागतो. कोल्मान्सकॉपलाही लागतो. परवाना दाखवला तेव्हा गाइडबाईंनी माझ्या गळ्यातल्या भिंगाकडे बघितलं. "काय करता तुम्ही?" मी खरं सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग तुम्ही हात खिशात ठेवा." या देशात परवान्याशिवाय रफ हिरा जवळ बाळगणं गुन्हा आहे. सापडला, सहज उचलला, घरी बघू म्हणून ठेवला, यातलं काही चालत नाही. त्या थट्टेत म्हणाल्या, पण मी दोन तास खरोखरच हात जॅकेटच्या खिशात ठेवून फिरले. नजर मात्र खिशात ठेवता येत नाही. पायाखालच्या खड्यांत गारगोटी, लालसर अकीक, गार्नेटचे कण. एकदा काहीतरी चमकलं आणि माझं पाऊल थांबलं. बाटलीची काच होती, वाऱ्यानं घासून गोल झालेली.

गावाची गोष्ट रेल्वेपासून सुरू होते. ल्यूडरिट्झहून आत जाणाऱ्या रुळांवर वाळू सतत चढायची, आणि ती फावड्यानं ओढायला माणसं ठेवलेली असायची. एप्रिल १९०८ मध्ये ग्रासप्लाट्झ स्टेशनाजवळ झकारियास लेवाला नावाच्या कामगाराला फावड्यात एक खडा दिसला. तो आधी दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणीत काम करून आला होता, त्यामुळे बघताक्षणी ओळखला. त्यानं तो आपल्या वरिष्ठाला, आउगुस्ट श्टाउखला, नेऊन दिला. श्टाउख दम्याचा रोगी, कोरड्या हवेसाठी इकडे आलेला. त्यानं म्हणे खडा घड्याळाच्या काचेवर घासून बघितला, काचेवर रेघ उठली, आणि पठ्ठ्यानं आधी जमिनीचे हक्क नावावर केले, मग तोंड उघडलं. श्टाउख गडगंज झाला. पुढे मंदीत सगळं गमावून १९४७ साली जर्मनीत कफल्लक मेला, तो भाग वेगळा. लेवालाला काय मिळालं? काही नाही. बक्षीस नाही, हिस्सा नाही.

मी या ठिकाणी जरा अडखळले. रफ ओळखणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. पैलू पाडलेला हिरा कोणीही ओळखेल. रफ हिरा धुरकट काचेसारखा, साबणाच्या चुऱ्यासारखा, कधी तुरटीसारखा दिसतो. त्यावर एक तेलकट चमक असते. ती हजारो दाणे बघितल्यावर डोळ्यात बसते, आणि शब्दांत सांगता येत नाही. वाऱ्यात, उन्हात, वाळूनं भरलेल्या फावड्यात ती ओळखणारा डोळा त्या दिवशी त्या रुळांवर एकाचाच होता. आणि त्या डोळ्याचा मोबदला शून्य.

सुरुवातीला हिरे अक्षरशः वेचत. माणसं ओळीनं रांगत पुढे सरकायची आणि वाळूवरचे दाणे उचलून डब्यात टाकायची. दक्षिणेला पोमोनाजवळ एक दरी आहे, तिथे चांदण्या रात्री दाणे लुकलुकताना दिसायचे म्हणून तिचं नावच परीकथेची दरी पडलं. १९१२ या एका वर्षात या भागातून सुमारे दहा लाख कॅरेट निघाले. दहा लाख कॅरेट म्हणजे दोनशे किलो. मी दिवसभरात हातावेगळे करते ते थोडे ग्रॅम असतात.

त्या पैशातून वाळवंटात एक जर्मन गाव उभं राहिलं. नाचगाण्याचा हॉल, व्यायामशाळा, पाव भाजण्याची भट्टी, बर्फाचा कारखाना, चेंडूनं लाकडी खुंट पाडायच्या खेळाची लांब पट्टी. ती पट्टी अजून शाबूत आहे. दादानं गाइडबाईंकडे आशेनं बघितलं, त्यांनी मान हलवली. पाणी सुरुवातीला केपटाउनहून जहाजानं यायचं. घरोघरी रोज बर्फाची लादी पोचवायला रुळांवरून गाडी फिरे. दवाखान्यात एक्स-रे यंत्र होतं, त्या काळी या खंडात अपूर्वाईची गोष्ट. ते हाडांसाठी कमी आणि कामगारांनी गिळलेले हिरे शोधायला जास्त, असं सांगतात. गावात साधारण तीनशे जर्मन मोठी माणसं आणि चाळीस मुलं होती. उत्तरेकडून कंत्राटावर आणलेले ओवाम्बो कामगार आठशे. ते बरॅकीत. परतीच्या आधी त्यांना वेगळं कोंडून, रेचक देऊन, तपासून सोडायचे. माहितीफलकावर नाचगाण्याच्या हॉलला जेवढी जागा दिली आहे तेवढी याला नाही.

आता घरांत वाळू राहते. फोटो आधी पाहिले होते, त्यामुळे मला वाटलं होतं की नवं काही दिसणार नाही. पण फोटोत वाळूची शिस्त कळत नाही. एका घराच्या मागच्या खोलीत मी बराच वेळ उभी होते. खिडकीतून आलेली वाळू समोरच्या भिंतीवर छातीपर्यंत चढली होती आणि तिच्या वरच्या काठाची रेघ इतकी साफ होती, जणू कोणी पट्टीनं मारली. भिंतीला फिकट निळा रंग, वर हातानं काढलेली नक्षीची पट्टी. दार अर्धं उघडलेल्या अवस्थेत रुतलेलं, त्यामुळे बाजूनं अंग चोरून आत जावं लागतं. दाराच्या कडीखाली लाकूड खरवडून खरवडून त्यातल्या टणक रेघा तेवढ्या उभ्या राहिल्या होत्या. मऊ भाग वाऱ्यानं खाल्ला होता. मी हात खिशातून काढून त्या रेघांवरून फक्त एक बोट फिरवलं. इथेही तेच चाललं होतं. मऊ ते जायचं, टणक ते राहायचं.

दवाखान्याच्या लांब पडवीत वाळूवर ठसे होते. दादा एकदम गुडघ्यावर. पुढच्या पायाचा ठसा मोठा, मागच्याचा बराच लहान, नखं उमटलेली. "तरस," तो म्हणाला. गाइडबाईंनी दुजोरा दिला: तपकिरी तरस. रात्री या घरांत फिरतं, किनाऱ्यावर सीलची पिल्लं खाऊन येतं. करारानुसार तो दिवस दगडांचा होता, पण मी हरकत घेतली नाही.

गाव संपलं ते हिरे संपले म्हणून नाही. दक्षिणेला ऑरेंज नदीच्या मुखाशी १९२८ मध्ये कितीतरी मोठे दाणे सापडले. गाडी, कपाटं, माणसं, सगळं तिकडे सरकलं. उरलेले हळूहळू पांगले, आणि १९५६ पर्यंत कोल्मान्सकॉप रिकामं झालं. तिकडे ओरान्येमुंड हे खाणवाल्यांचं गाव वसलं, तेही कित्येक दशकं बाहेरच्यांना बंद. आज देशाचे बहुतांश हिरे तर समुद्रातून येतात: जहाजं तळाचा गाळ ओढून घेतात आणि चाळतात. ओरान्येमुंडजवळच समुद्र बांध घालून मागे हटवला होता तेव्हा, २००८ मध्ये, हिऱ्यांऐवजी एक जहाज सापडलं. १५३३ मध्ये बुडालेलं पोर्तुगीज जहाज, निघालं होतं भारताकडे, आत दोन हजारांवर सोन्याची नाणी, तांब्याचे गोळे आणि हस्तिदंत. बंदीच्या मुलखात पडलं म्हणूनच पाच शतकं कोणी लुटलं नाही.

दुपारी एक वाजता कोल्मान्सकॉप बंद होतं. वारा तोपर्यंत जागा झालेला असतो. संध्याकाळी आम्ही ल्यूडरिट्झमध्ये फिरलो. खडकावर १९१२ चं चर्च, चढावर रंगीत जर्मन घरं, खाली बंदर. बंदराला लागून शार्क आयलंड. नावाला बेट, आता पूल-रस्त्यानं जोडलेलं आणि वर तंबू ठोकायची जागा. दादानं आधी तिथलंच बुकिंग करायचं म्हटलं होतं. समुद्र तिन्ही बाजूंनी, छान दिसेल. मी नको म्हटलं होतं, कारण मी वाचलं होतं. १९०५ ते १९०७ या काळात इथे जर्मनांची बंदी छावणी होती. हेरेरो आणि नामा या इथल्या जमातींच्या लोकांना, बायकामुलांसकट, या उघड्या खडकावर थंडी-वाऱ्यात ठेवलं. नामांचा नेता कॉर्नेलियस फ्रेडरिक्स १९०७ मध्ये इथेच मेला. आणि ल्यूडरिट्झ ते आउस रेल्वेच्या कामावर नेलेल्या सुमारे दोन हजार कैद्यांपैकी निम्म्याहून जास्त मेले. ज्या रुळांवरची वाळू ओढताना लेवालाला खडा सापडला, ते हे रूळ. दोन घटनांमध्ये पुरतं दीड वर्षही नाही.

जर्मनीनं २०२१ मध्ये याला वंशसंहार म्हटलं. आम्ही फ्रेडरिक्सच्या स्मारकाशी थोडा वेळ थांबलो. शेजारी कोणीतरी शेगडी पेटवून मांस भाजत होतं. त्यांना नावं ठेवायचा मला काय अधिकार, मी स्वतः या मातीतल्या मालावर तेवीस वर्षं पगार घेतला आहे. पण जेवण गेलं नाही, एवढं खरं.

पुढचे तीन दिवस दादाचे. डी-७०७ नावाचा खडीचा रस्ता आहे. डावीकडे तांबड्या टेकड्या, उजवीकडे टिरास डोंगर, आणि मधे पिवळ्या गवतात ओरिक्स. टायर एकदाच फुटलं. ओरिक्सबद्दल दादाला सांगितलं तेव्हा त्याला प्रथमच माझ्या वाचनाचं कौतुक वाटलं: पाण्याचा थेंब वाया जाऊ नये म्हणून हे जनावर घाम गाळायचं टाळतं, अंगाचा ताप पंचेचाळीस अंशांपर्यंत चढू देतं. मेंदू तेवढा जपतं. नाकात गार झालेलं रक्त मेंदूखालच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळीला गारवा देतं, मग त्या जाळीतलं रक्त डोक्यात जातं. सोसुसफ्ले आणि डेडफ्लेबद्दल मी लिहीत नाही. सहाशे-सातशे वर्षांपूर्वी वाळलेली काळी झाडं, पांढरी चिखलाची थाळी, मागे तांबडी टेकडी, हे सगळं तुम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाहिलं आहे, आणि ते तसंच आहे. फक्त तिथे चाळीस माणसं असतात आणि प्रत्येक जण दुसरा बाजूला होण्याची वाट बघत असतो.

स्वाकोपमुंडला मात्र मला हवं ते मिळालं. समुद्रावरून रात्री धुकं येतं, सकाळी दहापर्यंत गाव ओलं असतं, आणि नामिब वाळवंटातले किती तरी जीव त्या धुक्यावर जगतात. वाळूत फिरवणाऱ्या वाटाड्यानं एक पाल खणून काढली, बोटभर. कातडी इतकी पातळ की आतलं गुलाबी-जांभळं दिसत होतं. पायाला बदकासारखा पडदा, वाळूवर चालायला. पापण्या नाहीत. त्यानं तिला तळहातावर ठेवलं, तिच्या डोळ्यावर धुक्याचे कण जमले होते, आणि तिनं जीभ काढून आपलाच डोळा चाटला. एकदा उजवा, एकदा डावा. मी भिंगातून बघितलं. हिरा बघताना असा श्वास कधी रोखला नव्हता.

त्याच टेकडीवर वाळूच्या लाटांच्या माथ्यावर जांभळट-लाल आणि काळे पट्टे होते. वाटाड्यानं खिशातून लोहचुंबक काढून काळ्या पट्ट्यावरून फिरवलं, त्याला मिशा फुटल्या. तो मॅग्नेटाइट. लाल ते गार्नेट. दोन्ही गारगोटीपेक्षा जड, म्हणून वारा हलकं नेतो आणि यांना मागे ठेवतो. इथे वाकायची बंदी नव्हती. मी पोटावर पडले आणि पाऊण तास भिंग लावून वाऱ्याचं काम बघत होते. एक एक गारगोटीचा कण सुटायचा, उडी मारायचा, जायचा. लाल दाणा जागचा हलायचा नाही. दादानं माझा पाठमोरा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "वाळवंटातला दुर्मीळ प्राणी."

शेवटचा दिवस दगडांचा होता. बी-२ रस्त्यानं आत, रोसिंगच्या युरेनियमच्या खाणीवरून पुढे. ती १९७६ पासून चालू आहे, रस्त्यावरून फक्त फलक दिसतो. मग स्पिट्सकोपेचा सुळका, सपाट माळावर १,७२८ मीटरचा ग्रॅनाइटचा दात. त्या बाजूला रस्त्याकडेला टेबलं मांडलेली असतात. आसपासच्या डोंगरात छिन्नी-हातोडी घेऊन फिरणारी माणसं सापडलेले खडे इथे विकतात: काळी तुर्मली, हिरवट फ्लोराइट, धुरकट स्फटिक.

एका आजींच्या टेबलावर मला बोटाच्या पेराएवढा फिकट निळा, स्वच्छ खडा दिसला. मी म्हटलं, "ॲक्वामरीन." जरा अधिकारवाणीनंच.

आजींनी माझ्या गळ्याकडे बघितलं, मग टेबलाखालून आपलं भिंग काढलं. माझ्यापेक्षा जुनं, पितळी. खडा माझ्यासमोर आडवा धरून त्यांनी विचारलं, "बाजू किती?" मी मोजल्या. चार. ॲक्वामरीनला सहा हव्यात. मग त्यांनी खडा उलटा केला, तळ दाखवला. आरशासारखा सपाट, एका फटक्यात फुटलेला. "असं टोपाझ फुटतं," त्या म्हणाल्या. आणि वर तो माझ्या तळहातावर ठेवून माझी मूठ मिटली.

खडा जड होता. आकाराच्या मानानं भलताच जड. टोपाझची घनता हिऱ्याइतकीच असते, जवळजवळ दशांशापर्यंत. ते वजन माझ्या हाताला रोजचं आहे. मी तो आधी उचलायला हवा होता, मग बोलायला.

"किती?" मी विचारलं.

"तीनशे. ॲक्वामरीन म्हणून घेतला असतास तर सहाशे."

दादा मागून म्हणाला, "अकरावं कलम." मी तीनशे डॉलर मोजले, आणि त्यांनी खडा वर्तमानपत्राच्या कपट्यात बांधून दिला. पुडी अगदी आमच्यासारखीच घातली होती, तीन घड्या आणि कोपरा आत.